धाकलूच्या मापाचं विमान

धाकलू भोईरची उंची सहा फूट दोन इंच आहे असं अख्खं गाव सांगायचं, आणि अख्खं गाव खोटं बोलायचं. त्यात गावाचा काही दोष नव्हता. चार भावांतलं शेंडेफळ म्हणून नाव धाकलू ठेवलं, तर सोळाव्या वर्षी पोरगं माडासारखं वर सुटलं. तेव्हा त्याच्या आईने, अंबाबाईने, ठरवून टाकलं की पोराचं खरं माप बाहेर काढायचं नाही. गाईचं खरं दूध, भाताचं खरं पीक आणि लेकराचं खरं माप चारचौघांत सांगितलं की दृष्ट लागते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिने तीन इंच पदराखाली झाकून ठेवले. रेल्वेच्या भरतीत मोजायला उभं केलं तेव्हा पोराने आईचं ऐकून ढगळ पायजम्यात गुडघे वाकवले, आणि सरकारी कागदावरही सहा-दोनच चढलं. वर्षं सरली तसं धाकलूलाही तेच खरं वाटायला लागलं. दाराच्या चौकटी तेवढ्या खोटं बोलत नव्हत्या, पण चौकटीला विचारतो कोण. कपाळाला टेंगूळ आलं की तो सुताराच्या नावाने बोटं मोडायचा.

आईखेरीज खरं माप माहीत होतं ते फक्त त्याच्या बायकोला, नंदाला. लग्नात अंतरपाट धरणारे दोघे पाटावर चढून उभे राहिले होते, तरी नवरदेवाचं डोकं वरून दिसत होतं. मंगलाष्टकं संपायच्या आत त्याने नवरी बघून घेतली आणि हसला. भटजी रागावले. नंदाला मात्र नवरा दिसला तो अंतरपाट दूर झाल्यावर, तोही मान पार मागे टाकल्यावर. सत्यनारायणाच्या दिवशी सासूने शिरा ढवळता ढवळता तिच्या कानात सांगितलं की सहा-पाच आहे, पण तोंडातून काढशील तर बघ. ज्या दिवशी हे माप घराबाहेर जाईल त्या दिवशी माझ्या पोराला नजर लागेल, आणि मग कुंकू तुझं जाईल, माझं नाही. अंबाबाई स्वतः तोवर विधवा झालेली होती, त्यामुळे हे बोलायला तिला काही खर्च नव्हता.

नंदाने ते मनात पुरून ठेवलं आणि वर व्रतांचा दगड ठेवला. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. चतुर्थ्या आणि एकादश्या वरकड. मधल्या दिवशी ती जेवायची, तेही देवांवर उपकार केल्यासारखं. धाकलू म्हणायचा, तुझ्या देवांनी आपसांत ड्युटी वाटून घेतली हाय, रजेवर कुणीच जात नाय. या सगळ्या देवांकडे तिचं मागणं मात्र एकच होतं, आणि ते तिने लग्नापासून सगळ्यांकडे थोडंथोडं वाटून ठेवलं होतं. आपण आधी जावं. हातात हिरव्या बांगड्या असताना, कपाळ भरलेलं असताना. मागे राहू नये.

हे मागणं धाकलू नोकरीत होता तोवर सुरळीत चाललं होतं. त्याची नोकरी कर्जतच्या बँकर इंजिनांवर, म्हणजे पुण्याकडे जाणाऱ्या जड गाडीला घाट चढवायला मागून जी इंजिनं लावतात त्यांवर. पळसदरी गेलं की चढ लागतो, मग ठाकुरवाडी, मग बोगद्यांमागून बोगदे. वर खंडाळ्याला गाडी पोचवायची, सुटं व्हायचं, खाली यायचं, पुढच्या गाडीला पाठीमागून रेटायला लागायचं. जन्म दुसऱ्याला ढकलण्यात गेला. समोर काय दिसतं असं कुणी विचारलं तर तो शांतपणे सांगायचा, लोकांच्या डब्याचं ढुंगण. निवृत्त झाल्यावर बाकीचे ड्रायव्हर शेताला लागले, काही भजनाला लागले. धाकलूला एकच वेड लागलं, की आता समोर काहीही नसलेलं असं काहीतरी चालवायचं.

खालापूरच्या पुढे, पाताळगंगेच्या अंगाला, एका कारखानदाराने हौसेने धावपट्टी करून घेतली होती. तिथे हलकी विमानं उडवायला शिकवायचे देवेश सर. त्यांच्याकडे तेव्हा एक उघडं विमान होतं. वर कापडी पंख, खाली तीन चाकं, पाठीमागे पंखा, मध्ये माणूस वाऱ्यात बसलेला. त्याला छप्पर नव्हतं म्हणून धाकलू त्यात मावला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा दातांत चिलटं अडकलेली असायची आणि चेहऱ्यावर असं काही समाधान असायचं, की नंदाला ते बघवत नसे. परवाना हातात आला त्या दिवशी तो तिला दाखवायला घेऊन गेला. तो वर गेला, चिमणीएवढा झाला, आणि नंदाने हातातल्या हिरव्या बांगड्या मुठीत धरल्या. सगळ्या देवांकडे वाटून ठेवलेलं मागणं हा माणूस एका संध्याकाळी उधळून लावणार होता.

मग ते उघडं विमान जुनं झालं म्हणून मालकाने मोडीत काढलं, आणि नंदाने गुपचूप पेढे वाटले. पण धाकलू गप्प बसणाऱ्यातला नव्हता. शेताचा एक तुकडा नव्या रेल्वेमार्गाला गेला होता, त्याचे पैसे आले होते. आयुष्यभर ढकलायला लावलं त्याच रेल्वेने आता उडायला द्यावं, याच्याइतका न्याय त्याने कुठे पाहिला नव्हता. तो स्वतःसाठी विमान शोधायला लागला, दोन माणसांचं, हलकं, बंद काचेचं, ज्याला लाइट स्पोर्ट म्हणतात तसं. आणि नंदा शोधायला लागली देवी.

शोधायची म्हणजे लांब जायचं नव्हतं. गावदेवीचं देऊळ तळ्याच्या काठी होतं. नंदाने ओटी भरली आणि हळू आवाजात नवस बोलली. जगातलं एकही विमान यांच्या मापाचं निघू नये. जितकी विमानं नाकारली जातील तितके खण आणि तितके नारळ तुझे. पुजारी मोरू खांबाला टेकून बसला होता, त्याने ऐकलं. नवस ऐकणं हे पुजाऱ्याचं काम नाही, पण मोरूला कान होते त्याला तो तरी काय करणार.

शिवाय नंदाकडे दुसरा बंदोबस्त होता. विमान विकणारा प्रत्येक माणूस फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की पायलटची उंची किती. धाकलू छाती काढून सांगायचा, सहा-दोन. नंदा शेजारी बसून वाती वळत असायची. ती काही बोलायची नाही. देवीवर तिचा पूर्ण विश्वास होता. पण देवीलाही थोडा हातभार लावलेला बरा.

पहिलं विमान खालापूरच्या धावपट्टीवरच आलं. धाकलू आत बसला आणि त्याचं डोकं वरच्या नळीला लागलं. मान डाव्या खांद्यावर टाकली तरच दार बंद होत होतं. तशा मानेने त्याने अख्ख्या धावपट्टीवर विमान गाडीसारखं पळवून पाहिलं. देवेश सर बघत राहिले आणि शेवटी म्हणाले की काका, आकाश उजवीकडेही असतं.

दुसरं नाशिककडे होतं. तिथे डोकं बसलं तर गुडघे बसेनात. दोन गुडघ्यांच्या मध्ये दांडा, आणि दांडा हलवायला जागा नाही. उजवीकडे वळायचं असेल तर उजवी मांडी आधी दाराबाहेर ठेवावी लागली असती. मालक म्हणाला, सहा-दोनचा माणूस यात आरामात बसतो, माझा मेहुणा बसतो. धाकलू म्हणाला की मग मेहुण्यालाच बसू दे.

नंदाने दोन्ही वेळा नवस फेडला. दुसऱ्या वेळी मोरूने खण घेताना आस्थेने विचारलं की दादा हेलिकॉप्टरपण बघणार हायत का, म्हणजे तशी तयारी ठेवायला.

तिसऱ्या विमानाची गोष्ट सांगायची तर मन घट्ट करावं लागतं. ते होतं गुजरातच्या वेशीजवळ, एका चिकूच्या बागेत. धाकलूचा चुलतभाऊ गजा स्वतःचा टेंपो घेऊन आला. गजा अंगाने भरदार, तोंडाने त्याहून भरदार. नंदाही सोबत गेली, कारण नवसाचं काम डोळ्यांदेखत झालेलं बरं. विमान देखणं होतं. पांढरंशुभ्र, वरून काचेचा घुमट, एखाद्या झाकलेल्या पेढ्यासारखं. धाकलूने आधी एक पाय घातला, मग दुसरा, मग खांदे तिरके केले, आणि कसाबसा आत उतरला. मालकाने वरून काच ओढली. काच बसली. धाकलू काचेला टाळू टेकवून आतून हसला, आणि नंदा पुढे सरकली. बसलं की काय हे.

बसलं नव्हतं, अडकलं होतं. काच उघडली तर धाकलू बाहेर येईना. गुडघे पुढच्या फळीखाली रुतलेले, खांदे दोन्ही बाजूंनी चेपलेले, आणि मागे रेलायला जागा नाही. मालकाच्या घरातली माणसं बाहेर आली. मग बागेत काम करणाऱ्या बायका आल्या. कुणी खुर्ची काढा म्हणालं, कुणी पंख काढा म्हणालं. मालकाच्या म्हाताऱ्या आईने विचारलं की यांना जेवायला इथेच आणून देऊ का. अखेर नंदाने पिशवीतून देवीच्या दिव्याच्या तेलाची बाटली काढली आणि नवऱ्याच्या दोन्ही गुडघ्यांवर रिकामी केली. गजाने काखेत हात घातले, मालकाने कंबर धरली.

"श्वास सोड, दादा. सोड रं. कळ काढ," गजा म्हणत होता.

धाकलू बाहेर आला तेव्हा एक बूट आतच राहिला होता आणि पँट तेलाने चिकटली होती. कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मग गजाने कपाळाचा घाम पुसून जाहीर केलं, "बाळंतपण अवघड गेलं, पण बाळ सुखरूप हाय." तेव्हा मात्र चिकूच्या बागेतली पाखरं उडाली इतके सगळे हसले. धाकलूही हसला. पण परतीच्या वाटेवर तो टेंपोच्या मागच्या हौद्यात जाऊन बसला, आणि कर्जत येईपर्यंत पुढे आला नाही.

त्यानंतर त्याने विमानाचं नाव काढलं नाही. फोन वाजला तर तो उशीखाली ठेवायला लागला. नंदाने मोठ्या भक्तीने तिसरी ओटी भरली. आता सगळं ठीक झालं होतं. नवरा जमिनीवर होता, घरात होता, डोळ्यांसमोर होता.

इतका डोळ्यांसमोर होता की सांगता सोय नाही. रिकाम्या झालेल्या धाकलूने देवाचं मनावर घेतलं. नंदा पूजेला बसली की तोही शेजारी बसायला लागला, आणि त्याच्या मांडीने देव्हाऱ्याची निम्मी खोली व्यापली. आरतीच्या वेळा त्याने रेल्वेच्या शिस्तीत बसवल्या. नंदाचा दिवा लावायला उशीर झाला तर मनगटावरचं घड्याळ बघून म्हणायचा, शंकर लेट हायत. तिच्या बरोबरीने त्याने सगळे उपास धरले, आणि उपासाच्या दिवशी तो इतरांच्या जेवणाच्या दुप्पट खायचा. दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ, साबुदाण्याची खिचडी, मग पुन्हा एकदा खिचडी, कारण पहिली देवासाठी होती. नंदा आयुष्यभर देवांशी हळू आवाजात बोलत आली होती. आता मध्ये हा भोंगा. एका गुरुवारी तिला दत्ताला काय सांगायचं होतं तेच आठवेना. देवांचीही तिला दया आली.

तरी तिने तेही काढलं असतं. बाईमाणसाने याहून पुष्कळ काढलेलं असतं. पण एक दिवस दोघं गावदेवीला गेली. देवळाचं दार बुटकं. धाकलू नेहमीप्रमाणे कमरेत वाकून आत गेला, नमस्कार केला, वाकून बाहेर आला, आणि ताठ व्हायचंच विसरला. तसाच वाकून चपला घातल्या, तसाच वाकून तळ्याच्या बांधावरून चालायला लागला. वरून एक विमान गेलं, मुंबईकडे उतरणारं मोठं. बांधावरची पोरं, गुरं राखणारा, सगळ्यांनी माना वर केल्या. धाकलूने केली नाही.

नंदा मागेच थांबली. सासूने त्याचे तीन इंच चोरले होते. बाकीचे आता ती स्वतः चोरत होती, खण आणि नारळ मोजून.

ती परत देवळात शिरली आणि मोरूला म्हणाली की मला नवस मागे घ्यायचा आहे. मोरूने डोकं खाजवलं. नवस फेडता येतो, लांबवता येतो, जास्त अडलं तर थोडा कमी करून घेता येतो. पण फिरवायची काही रीत त्याच्या बापाने त्याला शिकवली नव्हती. तशी सोय नाय, वयनी, तो म्हणाला, आणि शिवाय देवीने माल दिलेला हाय.

"मग तू जरा भायेर जा," नंदा म्हणाली. "आमचं बायकांचं बोलणं हाय."

आत काय बोलणं झालं ते मोरूला ऐकू आलं नाही, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटलं. नंदा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा भांडून आलेल्या बाईसारखा होता, पण जिंकून आलेल्या की हरून आलेल्या ते कळत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन वाजला. धाकलू ओटीवर पडला होता. फोन उशीखालीच होता, म्हणून वाजल्याबरोबर कान तापला आणि त्याला घ्यावाच लागला. कोल्हापूरकडचा एक विक्रेता बोलत होता. त्याच्याकडे दोन विमानं होती आणि कोणतं आणू ते ठरवायला त्याला उंची हवी होती. धाकलूने थकल्या आवाजात सांगितलं, सहा-दोन. पण राहू दे भाऊ, मला नको हाय.

नंदा आतून आली. हात पिठाचे होते. तिने नवऱ्याच्या कानाचा फोन काढून स्वतःच्या कानाला लावला.

"सहा फूट पाच इंच," ती म्हणाली. "लिहून घ्या. सहा-पाच."

मग विक्रेत्याने विचारलं, "वहिनी, कुणाची?"

"ज्यांना बसायचं हाय त्यांची."

धाकलू उठून बसला. "कोन सहा-पाच?"

"तुमी."

"कागदावर सहा-दोन हाय."

"कागदावर तुमचे गुडघे वाकलेले हायत."

धाकलू उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला, टाचा टेकवून, गुडघे ताठ. नंदा स्टुलावर चढली आणि ब्लाउज शिवायच्या टेपने त्याला मोजलं. सहा फूट पाच इंच, आणि वर केस. तिला वाटलं आता हा चिडेल, आईच्या नावाने काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "म्हंजे मी उगाच त्या सुताराला शिव्या घातल्या गं." आणि हसायला लागला. हसता हसता त्याचं डोकं भिंतीवरच्या घड्याळाला लागलं, तरी तो वाकला नाही.

फोन अजून चालूच होता. विक्रेत्याने सांगितलं की मग पहिलं विमान विसरा, दुसरं बघू, त्याची खुर्ची रुळावर मागे सरकते. पण उभ्या उंचीवर काही ठरत नाही, बसल्यावरची उंची सांगा. नंदाला यात नवल वाटलं नाही. गणपती आणतानाही मखराला बसलेलंच माप लागतं. तिने नवऱ्याला पाटावर बसवलं, टाळूपर्यंत मोजलं, मांडी मोजली, खांदे मोजले, आणि सगळं खरं खरं सांगून टाकलं, एका परक्या माणसाला, भरदिवसा. फोन ठेवल्यावर तिने मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि त्याच्यावरून इतक्या वेळा उतरवल्या की घरभर ठसका बसला. तेवढ्याने भागणार नाही हे तिला कळत होतं. माप घराबाहेर गेलं होतं, कोल्हापूरला पोचलं होतं. सासूने सांगितलेलं जर खरं असेल, तर आता कुंकवाची जबाबदारी तिची एकटीची होती.

विमान खालापूरला आलं ते नेमकं सोमवारी. पिवळ्या रंगाचं, पंख वर, दारांच्या काचा बाहेरून फुगीर, गाल फुगवलेल्या पोरासारख्या. बघायला गजा आला, मोरूही आला. तो म्हणाला की देवीचा माणूस हजर असलेला बरा. विक्रेत्याने खुर्ची पार मागे सरकवली. धाकलू आत बसला. गुडघे मोकळे. दांडा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मांडीला लागला नाही. खांदे खिडकीच्या फुगवट्यात मावले. फक्त टाळू अजून छताला टेकत होती, चार बोटांची अडचण.

देवेश सर म्हणाले की थोडक्यात राहिलं. विक्रेता म्हणाला की थोडक्यातच राहतं. नंदाने खिडकीतून आत वाकून पाहिलं आणि विचारलं की ही खालची गादी एवढी जाड कशाला. विक्रेता म्हणाला, आरामासाठी. नंदा म्हणाली की यांना आरामाची सवय नाही, काढा. गादी निघाली. त्या जागी तिने पिशवीतली घोंगडीची घडी अंथरली. धाकलू पुन्हा बसला. टाळू आणि छत यांच्यामध्ये आता तिची मूठ आडवी जात होती. धाकलूने मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. मग समोर पाहिलं, आणि बराच वेळ समोरच पाहत राहिला.

पहिली फेरी नियमाप्रमाणे देवेश सरांबरोबर झाली. धाकलू एका खुर्चीत आणि दुसऱ्या खुर्चीच्या तिसऱ्या हिश्श्यात, उरलेल्यात सर. विमान धावपट्टीवरून निघालं, उचललं, डोंगराकडे वळलं, आणि नंदाने जपमाळ काढली. ओम नमः शिवाय एकदा झालं, दोनदा झालं, मग तिला कळलं की ती त्याच एका मण्याला धरून बसली आहे, मणी पुढे सरकतच नाही. वर पाहवत नव्हतं आणि खाली बघून काही उपयोग नव्हता. इतकी व्रतं केली, पण खाली उभं राहून वाट बघण्याचं व्रत तिला जमणारं नव्हतं. हे आता रोज होणार. दर आठवड्याला तो वर आणि ती इथे, या उन्हात, मोरूच्या शेजारी.

विमान उतरलं. देवेश सर बाहेर आले ते एक खांदा वर, एक खांदा खाली असे.

"काका पास," ते म्हणाले. "पण मी परत यात बसणार नाही. माझी बरगडी काकांच्या कोपराला ओळखायला लागली आहे."

आता विक्रेत्याला दाखवायचं होतं की विमान दोघांचं आहे. धाकलूचा सोबती म्हणून गजा पुढे झाला. त्याचं डोकं आत गेलं, एक हात गेला, मग पोट दारात थबकलं आणि पुढे जाईना. मोरूने मागून रेटलं. गजा म्हणाला की रेटू नको रं, मी काय मालगाडी हाय का. शेवटी तो बाहेर आला आणि म्हणाला की ज्या खुर्चीत दादा बसलाय तिच्या शेजारी आता फक्त सुपारी मावंल.

नंदाने जपमाळ पिशवीत टाकली. पदर खोचला. चपला काढून गवतावर जोडीने ठेवल्या, देवळात ठेवतात तशा, आणि दारापाशी आली. धाकलूने मान वळवून पाहिलं.

"तू कुठं?"

"आत."

"येडी हायस का. तू खाली थांब. तुझा सोमवार हाय."

"वरतीबी सोमवारच असतो."

"नंदा, वर गेल्यावर तू घाबरशील."

"घाबरलेली तर मी खालीबी हाय." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, ऐकायला गजाला पुढे सरकावं लागलं. "ऐका. तुमी एकटे पडलात तर मी मागं राहते. दोघं पडलो तर माझं कुंकू जागच्या जागी. आता एवढं जगाला माप सांगून बसलेय, तर मला खाली ठिवू नका. जरा सरा."

धाकलूला सरता येत नव्हतं, पण तो सरला.

नंदा आत बसली आणि मावली. मावली, पण डावा हात मावेना. तिचा खांदा आणि नवऱ्याचा दंड यांच्यामध्ये हाताला जागाच नव्हती. देवेश सर बाहेरून म्हणाले की काकू, तो हात काकांच्या पाठीमागून घ्या, लहान विमानात सगळे तसंच करतात. नंदाने गजाकडे पाहिलं, मोरूकडे पाहिलं. लग्नापासून ती या माणसाच्या चार पावलं मागून चालत आली होती. गावात, बाजारात, देवळात. तिने हात त्याच्या पाठीमागून नेला. दुसऱ्या खांद्यापर्यंत तो पोचलाच नाही, म्हणून मध्येच शर्ट मुठीत धरला, गच्च. मोरूने तोंड फिरवलं. गजाने फिरवलं नाही, तो दात काढून बघत राहिला. दार बंद झालं. उजव्या बाजूला वर एक पट्टा लोंबत होता, तो तिने उजव्या हाताने पकडला.

इंजिन सुरू झालं. सगळं विमान तापातल्या माणसासारखं हुडहुडायला लागलं. धाकलू काहीतरी विचारत होता, तिने मान हलवली, कशाला ते तिलाही कळलं नाही. धावपट्टीच्या टोकाला विमान वळून उभं राहिलं. प्रत्येक चांगल्या-वाईट कामाच्या आधी तिचे दोन्ही हात आपोआप जुळायचे, ते आत्ताही जुळायला निघाले. डावा नवऱ्याच्या शर्टात अडकलेला. उजवा पट्ट्याला. एक सोडवावा असं तिच्या मनात आलं, पण कोणता ते ठरेना, आणि तेवढ्यात चाकांखालची जमीन पळायला लागली.

"आई," नंदा गावदेवीला म्हणाली, "हात रिकामे नायत. समजून घे."

आणि डोळे मात्र तिने उघडेच ठेवले.